हात लावण्याचे पाच गुण

एका जंगलात, मुलांनो, पडणारे फार होते.

कुणी कड्यावरून पडे. कुणी खड्ड्यात पडे. नदीच्या उतारावर तर रोजच कुणीतरी शेवाळावरून घसरे आणि खडकावर आपटे. पडलेला तिथेच पडून राही. आजूबाजूचे गोळा होत, हळहळत, आणि चरायला निघून जात.

शेवटी जंगलाने ठरवले की आपल्याकडे पॅरामेडिक हवेत. म्हणजे काय, ते सांगतो. कुणी पडला की धावत जायचे. रक्त वाहत असेल तर थांबवायचे. श्वास अडकला असेल तर मोकळा करायचा. आणि पडलेल्याला वैद्याच्या गुहेपर्यंत जिवंत पोचवायचे. जंगलाने त्यांना सोपे नाव दिले, 'धावते'.

दुसरे एखादे जंगल असते, तर त्याने ज्यांना हे काम येते त्यांच्याकडे पोरांना पाठवले असते. पण या जंगलात विद्यापीठ होते. त्यामुळे पदवी अभ्यासक्रम सुरू झाला.

आधी इमारत बांधली. मग इमारतीवर पाटी लावली. मग पाटीचे उद्घाटन झाले. सगळे झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आले की शिकवायला कुणीतरी लागेल.

शिकवायला तिघे आले.

विभागप्रमुख झाले करकोचेसर. उंच मान, बारीक पाय. एका पायावर उभे राहून, डोळे मिटून विचार करायचे. 'पडणे : एक संकल्पना' या विषयावर त्यांचा प्रबंध होता. जाडजूड होता. खरे पडणे मात्र त्यांनी कधी पाहिले नव्हते, कारण धप्प असा आवाज आला की ते उडून झाडावर बसत.

दुसऱ्या होत्या सायाळमॅडम. हुशार, शिस्तीच्या, टिपणे अगदी सुवाच्य. अंगभर काटे. त्यांच्या जवळ रुग्ण येत नसे आणि रुग्णाजवळ त्या जात नसत. यात त्यांचा काही दोष नाही, मुलांनो. काटे जन्माचे असतात. पण निवड समितीने त्यांना कोणता विषय दिला असेल, सांगा पाहू? 'रुग्णस्पर्श : सिद्धांत आणि तत्त्वे'.

तिसऱ्या टिटवीबाई. या नदीकाठच्या. कुणी घसरले की पहिली हाक यांची, पहिली झेपही यांची. शेळी बुडता बुडता वाचली, कोल्ह्याच्या पोराच्या घशातला काटा निघाला, ते सगळे टिटवीबाईंच्या देखरेखीखाली. पण पदवी नव्हती. म्हणून त्यांना तासिका तत्त्वावर घेतले. तासिका तत्त्व म्हणजे शिकवायचे पूर्ण, पण असायचे अर्धे. नेमणूक दरवर्षी संपते आणि दरवर्षी नव्याने मागायची असते.

आता शिकायला कोण, ते ऐका. या कामाला हात लागतात. जंगलात हात असणारे थोडे. म्हणून वानर, अस्वल, पाणमांजर अशांनाच प्रवेश मिळे. प्रवेशाच्या वेळी हात तपासून घेत. त्यानंतर ते पुन्हा कधी तपासत नसत.

सराव चाले एका बाहुल्यावर. बाहुला पेंढ्याचा होता. पेंढ्याला नाडी नसते, श्वास नसतो, रक्त नसते. मग विद्यार्थ्याला कळणार कसे? त्यासाठी एक पद्धत पडली.

विद्यार्थी म्हणे, "मी नाडी तपासत आहे."

परीक्षक म्हणे, "नाडी जलद आहे."

विद्यार्थी म्हणे, "मी रक्तस्राव पाहत आहे."

परीक्षक म्हणे, "मांडीतून रक्त वाहत आहे."

विद्यार्थी म्हणे, "मी जखम दाबत आहे."

परीक्षक म्हणे, "बरोबर." आणि गुण लिही.

पद्धत वाईट नव्हती. बाहुल्याची अडचण होती, त्यावर तोडगा होता. पण पुढे बाहुल्याला वाळवी लागली. आधी पाय गेले, मग पोट गेले. नव्या बाहुल्याची मागणी वर गेली आणि वरच राहिली. परीक्षा तर थांबवता येत नाही. मग सायाळमॅडमनी जमिनीवर चुन्याची रेष ओढली. रेषेच्या अलीकडे विद्यार्थी उभा राहणार. पलीकडे जिथे पूर्वी बाहुला असे, तिकडे तोंड करून तो सगळे बोलणार.

निकाल एकदम सुधारला.

कारण उघड होते. बाहुला असताना कुणाचा हात चुकीच्या जागी पडे, कुणाकडून बाहुल्याचे डोके निखळे, कुणाची पट्टी सुटे. आता काहीच सुटेना. ज्याचा आवाज खणखणीत, तो पहिला. वानरे नावाचा एक वानर होता. तो इतका सुरेख बोलायचा की सायाळमॅडमना गहिवरून यायचे. त्याला सुवर्णपदक जाहीर झाले.

आणि भोवरी नापास झाली.

भोवरी पाणमांजराची पोर. तिचे घर नदीच्या उतारावरच होते. लहानपणापासून तिने घसरणारे पाहिले होते. पास झाली तर तिची नेमणूक त्याच उतारावर व्हायची होती. उताराला अजून एकही धावता मिळाला नव्हता. सगळे शिकलेले धावते विद्यापीठाच्या आसपासच नेमणूक मागत. भोवरीने एकटीने उतार मागितला होता.

तिची परीक्षा अशी झाली.

सायाळमॅडम टेबलामागे बसल्या होत्या. म्हणाल्या, "सुरू करा."

भोवरी सरळ रेषा ओलांडून आत गेली. खाली वाकली. बाहुल्याची मांडी जिथे असायची, तिथे दोन्ही हातांनी जमीन दाबून बसली.

मॅडम लेखणी उचलून वाट पाहत राहिल्या.

"बोला," मॅडम म्हणाल्या.

"काय?"

"जे करताय ते."

"दाबतेय ना मॅडम."

"कोण दाबतंय?"

"मी! दिसत नाही का?"

"दिसण्याला गुण नाहीत. तसं म्हणा. आणि रेषेच्या आत पाय टाकलात, त्याचे वजा झाले."

"पण रेषेच्या बाहेरून हात कसा पोचेल?"

"हात पोचवायला कुणी सांगितलंय?" सायाळमॅडम खरोखरच गोंधळल्या होत्या. "नापास."

टिटवीबाईंना हे कळले तेव्हा त्या थेट करकोचेसरांच्या खोलीत शिरल्या. सर एका पायावर होते.

"सर, भोवरी नापास कशी?"

"बोलली नाही हो." सरांनी एक डोळा उघडला.

"हात तर लावला."

"लावला असेल. पण त्याला गुण कुठे ठेवलेत?"

"नाहीत ना? मग ठेवा. मी काही फार मागत नाही. पाच."

"पाच!" सरांनी दुसरा पाय खाली टेकला. "बाई, शंभरातले पाच म्हणजे कुणाचे तरी पाच कमी करायचे. परिसर सुरक्षित असल्याचं सांगण्याला दहा आहेत. स्वतःची ओळख करून देण्याला दहा आहेत. आभार मानण्याला पाच. कुठून काढू?"

"आभाराचे काढा."

"आभाराचे?" सरांनी मान आणखी उंच केली. "संस्कार आहेत ते, बाई. आणि अभ्यासक्रम बदलायचा म्हणजे आधी अभ्यास मंडळ, मग विद्या परिषद, मग कुलगुरू..."

"आणि तोवर उतारावर जो पडेल त्याचं काय करायचं?"

"उतार आपल्या आवारात येत नाही."

"रक्त पण येत नाही, सर. तुमच्या आवारात काहीच येत नाही."

सरांनी पुन्हा एक पाय वर घेतला. मग सावकाश म्हणाले, "टिटवीबाई, तुमची नेमणूक या थंडीत संपते. आठवण आहे ना?"

"दर थंडीत संपते. मी काय दर थंडीत मरते?"

"तसं नव्हे. आपलेपणानं सांगतो. त्या मुलीला बोलायला शिकवा. फेरपरीक्षेला ती पास होईल, तुमचा निकाल वर येईल, तुमची नेमणूकही सुरळीत होईल. हात काय, नंतर आयुष्यभर लावायचेच आहेत."

मुलांनो, हे शेवटचे वाक्य नीट ऐकून ठेवा. विद्यापीठात ते फार चालते.

टिटवीबाई बाहेर आल्या. भोवरी पायरीवर बसली होती.

"मॅडम, बोलू का मग?"

"बोल. पण हात लावत बोल."

"दोन्ही एकदम होत नाही. रेषेच्या बाहेर उभं राहिलं की हात पोचत नाही, आत गेलं की गुण जातात."

टिटवीबाईंनी पंख झटकले. त्या म्हणाल्या, "फेरपरीक्षेला वेळ आहे. तोवर पाच गुण मी आणते. तू हाताची सवय मोडू नकोस."

आणि त्या कामाला लागल्या. टिटवी ओरडायला लागली की काय होते, तुम्हाला माहीत आहे. सकाळी त्या अभ्यास मंडळासमोर ओरडत. दुपारी विद्या परिषदेसमोर. मंडळ म्हणे परिषदेकडे जा. परिषद म्हणे मंडळाकडून या. मधल्या वाटेवर त्या दोघांनाही ओरडत. सायाळमॅडम खिडकी लावून घेत आणि म्हणत, "एवढी शक्ती संशोधनात घातली असती, तर बाई आज कुठल्या कुठे असत्या."

असे चालले असताना पदवीदान समारंभाचा दिवस उजाडला.

विद्यापीठाच्या दारात बांबूची उंच कमान उभारली होती. कुलगुरूंची स्वतःची कल्पना. कुलगुरू म्हणजे थोरले सांबर. त्यांच्या शिंगांना इतके फाटे फुटले होते की मान खाली करून त्यांना काही पाहता येत नसे. त्यामुळे ते नेहमी दूरदृष्टीचे बोलत.

सगळे नवे धावते रांगेत उभे होते. गळ्यात पदके, खांद्यावर झूल. नापासांना निमंत्रण नव्हते, त्यामुळे भोवरी नदीवर होती.

तेवढ्यात वारा आला आणि कमान पडली.

खालून भेकरराव आणि भेकरीणबाई चालले होते. त्यांचा समारंभाशी काही संबंध नव्हता. ते पाण्यावर निघाले होते. कमानीचा फुटका बांबू भेकररावांच्या मांडीत शिरला, निघाला, आणि रक्ताची चिळकांडी उडाली.

करकोचेसर उडून झाडावर बसले.

पण बाकी घाबरायचे काय कारण होते? विद्यापीठाचे झाडून सगळे धावते तिथेच हजर होते. धावायचीसुद्धा गरज नव्हती. सुवर्णपदकवाला वानरे पुढे झाला. भेकररावांपासून काही पावलांवर, जिथे रेष असती तिथे, अगदी ताठ उभा राहिला. हात मागे बांधले.

"नमस्कार," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "मी वानरे. मी प्रशिक्षित धावता आहे. परिसर सुरक्षित आहे."

"सुरक्षित कुठला मेल्या?" भेकरीणबाई किंचाळल्या. "कमान पडलीय अंगावर!"

वानरे जरा थबकला. असे उत्तर परीक्षेत आले नव्हते. मग सावरून म्हणाला, "मी नाडी तपासत आहे."

आणि थांबला.

रक्त वाहत होते.

"मी नाडी तपासत आहे," तो पुन्हा म्हणाला, थोडे मोठ्याने.

"अरे मग तपास की!" भेकरीणबाई म्हणाल्या.

"तेच चाललंय काकू."

"कुठं चाललंय? तू तर तिकडंच उभा!"

मागच्या रांगेतले धावते एकमेकांकडे बघू लागले. एक अस्वल दुसऱ्याच्या कानात म्हणाले, "प्रश्न अवघड काढलाय."

टिटवीबाई एव्हाना भेकररावांच्या मांडीवर बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही पाय जखमेवर रोवले, पंख पसरून सगळा भार दिला. पण टिटवीचा भार तो केवढा? रक्त त्यांच्या पायांच्या मधून येतच राहिले.

"वानरे! इकडे ये. हात ठेव इथे."

"मॅडम, आधी नाडीचं उत्तर मिळालं असतं तर..."

"हात लाव, उत्तर हाताला मिळतं!"

"मॅडम," वानरे नम्रपणे म्हणाला. तो गुणी मुलगा होता, मुलांनो, त्याला दोष देऊ नका. "मॅडम, हात लावण्याला गुण नाहीत."

टिटवीबाईंनी त्याच्याकडे पाहिले. भेकररावांचे डोळे वर गेले होते. भेकरीणबाईंनी त्यांचे डोके मांडीवर घेतले होते आणि त्या आता ओरडतही नव्हत्या.

टिटवीबाईंनी मान ताठ केली. आवाज बदलला. अगदी सायाळमॅडमसारखा केला.

"जखमेवर हात ठेवणे," त्या म्हणाल्या, "पाच गुण."

वानरेने एका उडीत येऊन मांडीवर हात ठेवले.

"दाबून धरणे, आणखी पाच."

त्याने असे दाबले की भेकरराव बेशुद्धीतही कण्हले.

"मॅडम, हे पदवीवर चढणार ना? की नुसतेच तोंडी?"

"चढणार! सोडू नकोस. सोडलंस तर वजा!"

मागची रांग फुटली. "मॅडम, आम्हाला?" "मॅडम, मी पण आहे!"

"तू पाय वर उचलून धर, तीन. तू ती झूल काढ आणि घट्ट पट्टी बांध, चार. तुम्ही दोघं, त्यांना उचलायला झोळी करा."

"झोळीला किती?"

"करून दाखवा, मग सांगते!"

दोन अस्वलांचे कुणी आधी उचलायचे यावरून भांडण झाले. एकजण भेकरीणबाईंनाच वारा घालू लागला, कारण रुग्णाकडे जागा उरली नव्हती. टिटवीबाईंनी त्यालाही एक गुण दिला. असे गुण वाटत वाटत वरात वैद्याच्या गुहेपाशी पोचली, आणि गुहेच्या दारात भेकररावांनी डोळे उघडले.

"मी कुठं आहे?" त्यांनी विचारले.

वानरेने घाबरून टिटवीबाईंकडे पाहिले. "मॅडम, हे आपल्याला होतं का?"

भेकरराव वाचले. थोडे लंगडत, पण पाण्यावर जायला लागले.

तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली. विद्यापीठ तुम्हाला अजून कळलेले नाही.

टिटवीबाईंची चौकशी लागली. अधिकार नसताना गुण वाटले, असा आरोप होता. कुलगुरूंच्या दालनात सगळे जमले. साक्षीला भेकरीणबाईंना बोलावले होते.

करकोचेसर म्हणाले, "विद्यापीठाच्या इतिहासात कुणी असं भर रस्त्यात गुण उधळले नव्हते."

"माझ्या मालकांचा जीव वाचला," भेकरीणबाई म्हणाल्या.

"त्याचा आनंदच आहे," सायाळमॅडम म्हणाल्या. "प्रश्न एवढाच, की ते कोणत्या नियमाखाली वाचले?"

"नियमाखाली नाही हो बाई. कमानीखाली होते."

कमान शब्द निघताच कुलगुरू खोकले. कमान कुणाची, हे सगळ्यांना माहीत होते. ती कशी पडली, हे अजून कुणी विचारले नव्हते. आणि चौकशी लांबली असती तर कुणीतरी विचारले असते.

"टिटवीबाई," कुलगुरू आढ्याकडे पाहत गोड आवाजात म्हणाले, "तुमचं म्हणणं तरी काय आहे?"

"हात लावण्याला गुण द्या. पाच. लावला तर पास होण्यात धरा. नदीच्या उतारावर जायला एक पोर तयार आहे. तिला हात आहेत. तिला तिथं जाऊ द्या. बाकी मला काही नको."

"नेमणूक?"

"ती तुमच्याकडेच ठेवा."

दालनात कुजबुज झाली. कुलगुरूंनी शिंगे हलवली, म्हणजे विचार केला.

"मान्य," ते म्हणाले.

"मान्य?" टिटवीबाईंचा विश्वास बसेना.

"पाचच्या पाच. आभाराचे काढा आणि हाताला द्या. आपलं विद्यापीठ काळाबरोबर चालणारं आहे. कमानीचा विषय इथे संपला, असं मी समजतो."

"मी तर हे पहिल्यापासून म्हणत होतो," करकोचेसर म्हणाले.

टिटवीबाई दालनातून निघाल्या त्या नदीपर्यंत ओरडत गेल्या. पण त्या दिवशीचे ओरडणे वेगळे होते. पाणी पिणारी जनावरे माना वर करून बघत राहिली. भोवरी पाण्यातून बाहेर आली.

"पाच?" तिने विचारले.

"पाच!"

"कमी नाही केले?"

"एकही नाही!"

भोवरीने पाण्यात अशी कोलांटी मारली की काठावरचे दोन बगळे भिजले.

आता नवा नियम अभ्यासक्रमात उतरवायचा होता. तो कुणी उतरवायचा? विषय स्पर्शाचा. विद्यापीठात स्पर्शाच्या तज्ज्ञ एकच. काम सायाळमॅडमकडे गेले. त्यांनी मन लावून केले. फेरपरीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी जादा तासही त्यांनीच घेतले, कारण टिटवीबाईंच्या नेमणुकीचा कागद अजून खालच्या खोलीतून वरच्या खोलीत गेला नव्हता आणि तोवर त्यांना वर्गात पाय ठेवता येत नव्हता.

भोवरी तासांना गेली. एकही तास चुकवला नाही. या वेळी तिला काहीही करून पास व्हायचे होते. उतारावर त्या महिन्यात एक रानडुक्कर आणि दोन ससे घसरून मेले होते.

फेरपरीक्षेच्या दिवशी टिटवीबाई खिडकीबाहेरच्या फांदीवर जाऊन बसल्या. आत चुन्याची नवी, ठसठशीत रेष होती.

"सुरू करा," सायाळमॅडम म्हणाल्या.

भोवरी आली. रेषेच्या अलीकडे ताठ उभी राहिली. हात मागे बांधले.

"नमस्कार. मी भोवरी. परिसर सुरक्षित आहे. मी नाडी तपासत आहे."

"नाडी जलद आहे."

"मी रक्तस्राव पाहत आहे."

"मांडीतून रक्त वाहत आहे."

फांदीवर टिटवीबाई पुढे झुकल्या.

भोवरी खणखणीत आवाजात म्हणाली, "मी हात लावत आहे."

"कितपत दाबाने?"

"पुरेशा दाबाने."

"सुंदर," सायाळमॅडम म्हणाल्या आणि लिहिले, पाचपैकी पाच.

"अगं, लाव की!" टिटवीबाई खिडकीतून ओरडल्या. "भोवरी! हात लाव!"

सायाळमॅडमनी मान वळवली. त्या रागावल्या नव्हत्या. समजुतीनेच म्हणाल्या, "टिटवीबाई, विद्यार्थिनीचं लक्ष विचलित करू नका. तुमच्याच गुणांवर पास होतेय ती."

भोवरी पास झाली. धावत बाहेर आली आणि फांदीखाली उभी राहून नाचू लागली.

"मॅडम! झाले! उतार मिळाला!"

टिटवीबाई खाली उतरल्या. भोवरीचे हात बघू लागल्या. चांगले होते. बळकट, चपळ, बोटांमध्ये पडदे असलेले.

"पोरी," त्या म्हणाल्या, "हात का नाही लावलास?"

भोवरी नाचायची थांबली. तिला प्रश्नच कळला नाही.

"लावला की मॅडम," ती म्हणाली. "पाचपैकी पाच."

भोवरी आता उतारावर असते. कामात चोख आहे. कुणी घसरला की सर्वांत आधी पोचते, योग्य अंतरावर थांबते आणि इतक्या स्पष्ट आवाजात बोलते की पलीकडच्या काठावरही शब्द न् शब्द ऐकू जातो. पलीकडच्या काठावर टिटवीबाई असतात. त्यांच्या नेमणुकीचा कागद वरच्या खोलीत पोचला, तेव्हा त्यावर शेरा पडला की बाईंची मागणी पूर्ण झालेली असल्याने आता त्यांची आवश्यकता उरलेली नाही. भोवरीचा आवाज आला की त्या झेप घेतात, पण नदी रुंद आहे.

सायाळमॅडमच्या नव्या अभ्यासक्रमाला पुरस्कार मिळाला. शेजारच्या जंगलांतून तो मागवला जातो आहे.

तात्पर्य : मुलांनो, जंगलात कुठेही पडू नका. पडायचेच असेल तर परीक्षेच्या खोलीत, चुन्याच्या रेषेपलीकडे पडा. तिथे आजवर एकही रुग्ण दगावलेला नाही.